अंगणात रस्त्याचं पाणी, मागच्या खोलीला तडा: शोषखड्डा घ्यावा का?

अमळनेरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ते बरंच मोठं आहे, म्हणून त्यातला कामाचा भाग थोडक्यात देतो.

"आमचा प्लॉट ३० बाय ५० चा, एन.ए. कॉलनीत. घर बांधून आठ वर्षं झाली. आधी काही त्रास नव्हता. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेनं समोरचा रस्ता काँक्रीटचा केला आणि तो आमच्या अंगणापेक्षा वीतभर उंच झाला. आता जोराचा पाऊस आला की रस्त्याचं पाणी गेटमधून आत येतं. दक्षिणेकडच्या शेजारी नानांनी मुरूम टाकून त्यांची जागा उंच केली, आणि त्यांच्या गच्चीचा पाईप आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून पडतो. आमच्या गच्चीचे दोन पाईप मागच्या बाजूला आहेत. मागच्या खोलीत, नानांच्या बाजूला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेलाय आणि दरवर्षी वाढतोय. उत्तरेचा प्लॉट रिकामा आहे, सध्या पाणी तिकडे वाहून जातं. मिस्टर म्हणतात, त्या कोपऱ्यातच शोषखड्डा घेऊ, पाणी जमिनीत जाईल आणि बोअरलाही लागेल. बोअर मार्चमध्येच आटतो. गवंडी म्हणतो, सगळं अंगण भरून घ्या आणि वर पेव्हर ब्लॉक टाका. सासूबाई म्हणतात, काही करा पण नानांशी वाद नको. पन्नास हजारांच्या वर खर्च झेपणार नाही. काय करावं?"

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. त्या कोपऱ्यात शोषखड्डा घेऊ नका. खणायला सुरुवात झाली असेल तर आजच थांबवा आणि माती परत भरून धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट बसवून घ्या. तुमच्या मिस्टरांचा हेतू चांगला आहे. पाणी जमिनीत मुरावं असं वाटणारा माणूस घरात असणं ही आपल्या भागात मोठी गोष्ट आहे. पण जागा चुकली आहे, आणि या जमिनीत जागा चुकली की घराला भोगावं लागतं.

तुमची कॉलनी शेतावर उभी राहिली आहे. त्या शेतात कधी कपाशी, कधी ज्वारी होत असेल. म्हणजे खाली काळी भुई. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही पाहिल्याच असतील. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. दोन-चार पाऊस झाले की माती फुगून भेगा मिटतात, आणि मग तीच जमीन पाणी जवळजवळ घेत नाही. अशा मातीतला शोषखड्डा जूनमध्ये पाणी पितो आणि ऑगस्टमध्ये डबकं होऊन बसतो. ते डबकं पायाला लागून असेल तर पायाखालची त्या बाजूची माती फुगलेली राहते आणि घराच्या दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. एक कोपरा वर ढकलला जातो, बाकीचा जागेवर राहतो, आणि भिंत मधे कुठेतरी फाटते. बहुतेक वेळा खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून, कारण भिंत तिथेच कमजोर असते. तुमचा तडा नेमका तसाच आहे.

काळ्या जमिनीवरच्या घराला ओल जेवढी त्रास देते, त्याहून जास्त त्रास ओलीतला फरक देतो. चारही बाजूंनी माती सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली तर घर एकसारखं थोडं हलतं आणि भिंतीला कळतही नाही. म्हणून मी तुम्हाला जे सांगणार आहे त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी पायापासून लांब न्यायचं, मग ते कुठे मुरवायचं ते बघायचं. खान्देशात पाण्याची इतकी चणचण आहे की लोक मुरवण्याकडे आधी धावतात. ते समजण्यासारखं आहे, पण घराच्या कुशीत पाणी मुरवू नये.

आता तो कोपरा नीट बघू. नानांच्या गच्चीचं पाणी तिथे पडतं, तुमच्या गच्चीचे दोन्ही पाईप मागेच उतरतात, आणि त्यांची जागा उंच झाल्यामुळे जमिनीवरचं पाणीही तिकडूनच पाझरत असणार. शिवाय एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला ती विचारायचीच आहे: त्या मागच्या खिडकीला कूलर आहे का? आपल्याकडे एप्रिलपासून कूलर दिवस-रात्र चालतो. टाकी ओसंडते, पाईपचा जोड गळतो, धुतलेलं पाणी खालीच सोडलं जातं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत सगळी जमीन तडकलेली असताना कूलरखालचा तेवढा तुकडा ओलाचिंब राहतो. पावसाळ्यात सगळीकडे ओल असल्यामुळे फरक कमी असतो, उन्हाळ्यात तो सगळ्यात जास्त. तडा उन्हाळ्यात वाढतो की पावसाळ्यात, हे बघितलं तर बरंच कळेल. कूलर असेल तर त्याचं पाणी आजच नळीनं लांब सोडा. हे काम फुकटात होतं.

तड्यात सिमेंट भरू नका. गवंडी लगेच भरून देईल आणि पुढच्या वर्षी शेजारीच नवा तडा येईल. त्याऐवजी तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि काचेची एक पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकांना थोडा सिमेंटचा लेप द्या. भिंत हलली की काच तडकते, खोटं बोलत नाही. मे, जुलै, सप्टेंबर आणि जानेवारीत मोबाईलवर फोटो काढून ठेवा. खालचं पाणी वळवल्यावर एक पूर्ण वर्ष तडा स्थिर राहिला, तरच तो लवचिक सीलंटनं भरायचा. मात्र तड्यात पेन्सिल शिरू लागली, दार घासायला लागलं किंवा ओळंबा धरल्यावर भिंत कललेली दिसली, तर वर्षाची वाट न पाहता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तिथे माझा किंवा गवंड्याचा अंदाज चालणार नाही.

आता मोजमाप. पन्नास हजारांतला एक रुपयाही खर्च करण्याआधी एक संध्याकाळ यासाठी द्या. हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची पारदर्शक नळी आणा, पन्नास-साठ फूट. गवंडी लेव्हल घ्यायला हीच वापरतात. नळीत पाणी भरा आणि ती उभी धरून, टिचक्या मारून सगळे बुडबुडे काढा. एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एक टोक घराच्या जोत्याशी धरा आणि तिथे भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा. दुसरं टोक मिस्टरांनी एकेका जागी न्यायचं: रस्त्याचा मधला भाग, रस्त्याची कड, गटारीचा काठ, गटारीचा तळ, गेट, अंगणाचे चारही कोपरे, नानांच्या कंपाउंडची बाहेरची जमीन, उत्तरेचा रिकामा प्लॉट. प्रत्येक वेळी पहिल्या टोकातलं पाणी त्या खुणेशी आणून दोन्ही टोकांची पातळी स्थिर झाली की दुसऱ्या टोकाला पाण्यापासून जमिनीपर्यंत टेपनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. जिथे आकडा मोठा, ती जागा खोल. वहीच्या एका पानावर प्लॉटचा साधा नकाशा काढून हे आकडे भरले की पाणी कुठून येतं आणि कुठे जाऊ शकतं ते तुम्हाला कोणी सांगायची गरज उरत नाही.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा गटारीच्या तळाचा. तुम्ही लिहिता की रस्ता वीतभर, म्हणजे नऊ इंच उंच आहे. समजा गटारीचा तळ रस्त्यापासून दीड फूट खाली आहे. मग तुमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली असलं तरी गटारीच्या तळापेक्षा नऊ इंच वर आहे. अंगणाचं पाणी गटारीपर्यंत न्यायला उघडी चारी, म्हणजे लहान नाली, काढावी लागेल; तिला आठ फुटाला एक इंच उतार पुरतो. मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या गटारीपर्यंत पन्नास फूट, म्हणजे सहा-सव्वासहा इंच. तेवढा उतार तुमच्याकडे आहे, वर अडीच-तीन इंच शिल्लक. म्हणजे पंप न लावता पाणी आपोआप बाहेर जाऊ शकतं. गटार उथळ निघाली आणि हे गणित बसलं नाही, तर पुढच्या कोपऱ्यात लहान हौद करून त्यात फ्लोटवाला छोटा सबमर्सिबल पंप बसवावा लागेल. तो शेवटचा उपाय, कारण जोराच्या पावसात वीज जातेच.

उत्तरेच्या रिकाम्या प्लॉटवर भरवसा ठेवू नका. आज पाणी तिकडे जातं म्हणून बरं वाटतं, पण त्याचा मालक एक दिवस भराव टाकणार, भिंत घालणार, आणि तुमचं पाणी रातोरात कोंडणार. नानांनी केलं तेच.

गवंड्याच्या सल्ल्याकडे येतो. सगळं अंगण भरणं मला पटत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट तरी वर असावं. तुमचं जोतं आज दोन फूट असेल आणि तुम्ही वीतभर भराव टाकला तर सव्वा फूटच उरतं. पुढच्या वेळी रस्त्यावर आणखी एक थर आला की घर खड्ड्यात. भराव जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर गेला तर भिंतीत ओल चढते, वाळवीला वाट मिळते. आणि काळ्या मातीवर नुसती वाळू पसरून बसवलेले पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत खालीवर होतात, मग प्रत्येक खळग्यात पाणी. भरायचंच असेल तर गेटजवळचा पाच-सहा फुटांचा पट्टा तेवढा भरा.

त्या गेटजवळच खरं काम आहे. गेटच्या रेषेत रस्त्याच्या कडेपेक्षा तीन-चार इंच उंच असा काँक्रीटचा उंचवटा घ्या, दोन्ही बाजूंना सावकाश उतार देऊन, म्हणजे स्कूटर अडणार नाही. रस्त्याचं पाणी तिथूनच परत फिरेल. उंचवट्याच्या आतल्या बाजूला गेटच्या पूर्ण रुंदीची आडवी चारी काढा, सहा इंच रुंद, वर लोखंडी जाळी. जाळी उचलता येईल अशी हवी. सिमेंटमध्ये पक्की केली की गाळ काढता येत नाही आणि वर्षभरात चारी बुजते. ही आडवी चारी आणि मागून येणारी चारी एका चेंबरमध्ये आणा, आणि चेंबरमधून उंचवट्याखालून चार इंची पाईप गटारीत सोडा. गटारीकडच्या तोंडाला झडप बसवा. गटार तुडुंब वाहते तेव्हा तिचं पाणी त्याच पाईपमधून उलटं आत येऊ शकतं, झडपेनं ते थांबतं. झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली नाही ना, हे मोठ्या पावसानंतर बघायची सवय लावा.

हे पाणी सेप्टिक टाकीत किंवा संडासाच्या लाईनला जोडू नका. पुष्कळ घरांत "जवळच आहे" म्हणून जोडतात आणि पावसात टाकी उलटते.

तुमच्या गच्चीचं गणित साधं आहे. घर ९०० चौरस फूट धरलं तर गच्ची ८४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस मिलिमीटरची एक सर आली की तुमच्या गच्चीवरून तीन हजारांहून जास्त लिटर खाली येतं, आणि आज ते सगळं त्या तडा गेलेल्या खोलीच्या मागे पडतं. आपल्याकडे पाऊस कमी दिवस पडतो, पण पडतो तेव्हा झोडपून पडतो. तासाला ७५ मिलिमीटरच्या जोराला चार इंची पाईप साधारण ५७ चौरस मीटर गच्चीचं पाणी उतरवतो आणि तीन इंची जेमतेम २७. तुमचे दोन्ही पाईप तीन इंची असतील तर ते कमी पडतात. मग गच्चीवर पाणी साचतं आणि कठड्याच्या कडेनं झिरपतं. दोन्ही चार इंची करा.

गच्चीचा उतार मागे आहे, तो आता बदलायला नको, फार खर्च होईल. पाईप मागेच उतरू द्या, पण खाली मोकळे सोडू नका. दोन्ही पाईप उत्तरेच्या बाजूनं, म्हणजे तड्याच्या विरुद्ध बाजूनं, बंद पाईपमधून पुढे आणा. वळणावर साफसफाईचं तोंड ठेवा. अंगणाचं पाणी उघड्या चारीतून आणि गच्चीचं बंद पाईपमधून, असे दोन वेगळे मार्ग ठेवा. त्याचं कारण बोअरच्या वेळी सांगतो. जोडीला गच्चीवरच्या तोंडांना घुमटाची जाळी बसवा. सपाट जाळी कडुनिंबाच्या चार पानांनी बंद होते. कुरडया-पापड वाळवण्याचं काम उरकलं, धान्याला ऊन दाखवून झालं, की गच्ची झाडून तोंडं मोकळी करायची. पूर्वी धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर पावसाळ्याआधी खारी माती टाकून पन्हाळी साफ करत. स्लॅब आला आणि ते वार्षिक काम मोडलं, त्याची किंमत आज पुष्कळ घरं मोजताहेत.

पैशांचा मोठा वाटा मी जोत्याभोवतीच्या फरशीला देईन. घराच्या चारही बाजूंना तीन फूट रुंद पट्टा. आधी एक ते दीड फूट काळी माती काढून टाका. तिच्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मस करा. वर काँक्रीट, बाहेरच्या बाजूला तीन फुटांत दीड इंच उतार. ही फरशी भिंतीला चिकटवू नका. भिंत आणि फरशीमध्ये बोटभर फट ठेवून ती डांबरानं भरा, कारण दोन्ही वेगवेगळ्या हलणार आहेत. हा पट्टा पावसाळ्यात पायाजवळची माती भिजू देत नाही आणि उन्हाळ्यात सुकू देत नाही, म्हणून त्याचा फायदा बारा महिने होतो. सगळीकडे एकदम जमलं नाही तर नानांच्या बाजूचा आणि मागचा पट्टा यंदा करा, बाकीचा पुढच्या वर्षी. त्या बाजूला तीन फूटच जागा असेल तर उघडी चारी फरशीच्या बाहेरच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत येईल.

एखादं मोठं झाड घराला लागून असेल तर घाईनं तोडू नका. झाड वर्षानुवर्षं मातीतली ओल ओढत असतं. ते अचानक गेलं की माती पुन्हा पाणी धरते आणि फुगते. आधी जाणकाराला विचारा.

आता बोअर. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी तुमच्या गच्चीवरून चाळीस हजार लिटर पाणी मिळतं. दहा हजारांच्या चार टँकरांइतकं. रावेर-यावलकडे तापीकाठच्या खोल गाळातही पाण्याची पातळी किती खाली गेली हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे तर केळी आहे, पैसा आहे. आपल्याला एवढं पाणी गटारीत सोडणं परवडत नाही. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकामाला पाणी साठवणं किंवा मुरवणं राज्याच्या नियमावलीप्रमाणे सक्तीचं आहे. तुमचा प्लॉट १४० चौरस मीटरचा, तुमच्यावर सक्ती नाही. तरी करा.

बोअर समोरच्या कोपऱ्यात असेल आणि घरापासून आठ-दहा फूट लांब असेल, तर गच्चीचा बंद पाईप तिथपर्यंत आणा. मधे एक फिल्टरची टाकी: तळाला मोठे दगड, वर खडी, वर भरड वाळू, प्रत्येक थरामध्ये नायलॉनची जाळी. गाळलेलं पाणी तळातून केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या पाईपमध्ये. टाकी पक्की, सिमेंटची असू द्या, म्हणजे तिचं पाणी काळ्या मातीत झिरपणार नाही. टाकी भरली की जादा पाणी थेट चेंबरमध्ये आणि तिथून गटारीत जाईल असा ओव्हरफ्लो ठेवा. टाकीच्या आधी पाईपला एक टोपण द्या. जूनमधल्या पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी, त्यातली धूळ आणि पक्ष्यांची घाण, टोपण उघडून बाहेर सोडायची, मग टोपण बंद.

बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी जाईल. अंगणाचं नाही, रस्त्याचं तर कधीच नाही. रस्त्याच्या पाण्यात गाड्यांचं तेल असतं, शेणमूत असतं, उघड्या गटारीची घाण असते, आणि बोअर म्हणजे जमिनीतल्या पाण्याला पाडलेलं सरळ भोक आहे. एकदा घाण गेली की ती तुमच्यापुरती राहत नाही, शेजारच्या दहा बोअरांना लागते. दोन मार्ग वेगळे ठेवा म्हटलं ते यासाठीच. बोअर सेप्टिक टाकीच्या शेजारी असेल किंवा घराला चिकटून असेल, तर मात्र पुनर्भरणाचा विचार सोडा आणि तेच पाणी झाकणाच्या टाकीत साठवून धुण्या-भांड्याला वापरा. झाकण घट्ट हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो.

नानांविषयी. सासूबाईंचं बरोबर आहे, वाद नको. पण गप्प राहणं आणि वाद टाळणं सारखं नाही. कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत असू द्या. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी उतारानं आपोआप खाली येत असेल तर खालच्यानं ते येऊ द्यायचं असतं. गच्चीवर गोळा करून पाईपनं दुसऱ्याच्या भिंतीशी सोडलेलं पाणी त्यात बसत नाही. मात्र असं पाणी वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्कानं सोडलं गेलं तर तो हक्क कायम होऊ शकतो. म्हणून विषय आत्ताच काढायला हवा.

काढायचा कसा? ती वही घेऊन जा. आरोप करू नका, आकडे दाखवा. "नाना, तुमच्या पाईपखालची जागा आणि आमचा मागचा कोपरा, दोन्ही बघा ना एकदा," असं म्हणून त्यांना प्रत्यक्ष दाखवा. जमलं तर पहिल्या पावसात छत्री घेऊन दोघांनी मिळून बघा. आणि त्यांनाही सांगा की ते पाणी त्यांच्याही पायाशेजारीच पडतं, त्यांचीही जमीन काळीच आहे. मुरूम वर टाकला म्हणून खालची भुई बदलत नाही. त्यांनी पाईपला दोन एल्बो आणि दोन-तीन लांब्या जोडून तो पुढच्या गटारीत नेला की काम झालं. त्यांच्या हद्दीतून नेणं अवघड असेल तर सामाईक चारीचा प्रस्ताव ठेवा: चारी तुमच्या बाजूनं, खर्च अर्धा-अर्धा, सफाई आळीपाळीनं, आणि दोघांच्या सहीचा एक साधा कागद, ज्यात ही परवानगी आहे, हक्क नाही, असं स्पष्ट लिहिलेलं. पांझरेच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे सामाईक सिंचनाच्या जुन्या पद्धतीत, शेतात पाणी न्यायला चारी जशी असे तशी जादा पाणी परत नदीत सोडायला सांडमही असे, आणि दोन्हींची देखभाल सगळे मिळून करत. आपल्याच मुलखातली रीत आहे, नानांना नवीन वाटणार नाही.

रस्ता आणि गटार मात्र नगरपरिषदेची. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे सार्वजनिक गटारी बांधणं आणि राखणं हे तिचं आवश्यक कर्तव्य आहे. एकटीनं तक्रार करण्यापेक्षा तुमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या सह्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे द्या, नानांचीही सही घ्या. सोबत पावसातले फोटो आणि तुमच्या वहीतले आकडे जोडा: रस्ता किती इंच वर, गटारीचा तळ किती खाली, ती पुढे कुठे तुंबते. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. अर्जात एक मागणी नक्की घाला, की पुढच्या वेळी रस्ता करताना जुना थर खरवडून मगच नवा टाकावा. त्याच फेरीत भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा आणि तुमच्या गटातून एखादा नाला दाखवलाय का बघा. कॉलन्या पडताना नाले बुजतात, पण पाणी जुनी वाट सोडत नाही. नकाशात तुमच्या प्लॉटवरून नाला जात असेल तर वरचे उपाय अपुरे पडतील, आणि मग प्रश्न एका घराचा न राहता कॉलनीचा होईल. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, तशा पुरापुढे गेटचा उंचवटा काही करू शकत नाही. मी सांगितलेलं सगळं रोजच्या जोरदार पावसासाठी आहे.

पन्नास हजारांत सगळं बसणार नाही. आखाजी (अक्षय तृतीया) होऊन गेली, मृग लागायला फार दिवस नाहीत, तेव्हा यंदा पावसाआधी एवढं करा: कूलरचं पाणी वळवा, लेव्हल घ्या, नानांना भेटा, गच्चीचे पाईप चार इंची करून पुढे आणा, गेटचा उंचवटा, चारी आणि झडपेचा पाईप पूर्ण करा. मागची चारी पक्की झाली नाही तरी कच्चा उतार काढून ठेवा. जोत्याची फरशी पावसाळ्यानंतर, दिवाळी झाली की सुरू करा. तेव्हा माती फार ओली नसते आणि फार तडकलेलीही नसते, मुरूम चांगला बसतो. बोअरची टाकी पुढच्या मे महिन्यात झाली तरी चालेल. तोवर गच्चीचं पाणी गटारीत जाताना तुमच्या मिस्टरांना वाईट वाटेल, त्यांना सांगा की पाईप बोअरच्या कोपऱ्यापर्यंत आलेला आहे, फक्त टाकी बाकी आहे.

लेव्हलचे आकडे आणि तड्याचे फोटो मला पाठवा. गटारीचा तळ अंगणापेक्षा सहा इंचांहून कमी खोल निघाला तर चेंबर बांधायच्या आधी कळवा, चारीचा मार्ग वेगळा आखावा लागेल.